फोनवर एसएमएससाठी कोणतं ॲप ठेवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहे. आयफोनवाल्यांसाठी शेवटाकडे एक वेगळा प्रश्न घेतला आहे. सेटिंग्जमधल्या मेन्यूंची नावं फोनच्या कंपनीनुसार थोडीफार बदलतात. इथे दिलेलं नाव सापडलं नाही, तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत त्यातला मुख्य शब्द टाका, म्हणजे मिळेल.

सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं. मग एसएमएस ॲपचा एवढा विचार कशाला?

कारण गप्पा तिकडे गेल्या, पण कागदपत्रं इथेच राहिली. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, सिलिंडर देताना डिलिव्हरीवाला मागतो तो कोड, वीजबिलाची सूचना, रेल्वेचा पीएनआर, खात्यातून पैसे गेल्याची खबर, सगळं एसएमएसनं येतं. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करायचं, तरी आधी फोनमधून एक एसएमएस जावा लागतो.

म्हणून निवडीचे निकष गप्पांच्या ॲपपेक्षा वेगळे. स्टिकर किती, रंग किती, हे बघायचंच नाही. बघायचं ते असं: आलेला मेसेज कोण वाचू शकतं, तो वेळेवर दिसतो का, मराठी मजकूर नीट हाताळला जातो का, आणि उद्या फोन बदलला तर सगळं सोबत नेता येतं का.

शिवाय इंटरनेट न वापरणारी माणसं आहेतच. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यावर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणले. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असा पॅक असेल, तर त्यांच्यापर्यंत पोचणारा लेखी निरोप एसएमएसच.

‘डिफॉल्ट एसएमएस ॲप’ म्हणजे नेमकं काय? बदललं तर जुने मेसेज जातात का?

नाही, जात नाहीत. एसएमएस ॲपच्या पोटात नसतात. ते फोनच्या एका सामाईक साठ्यात असतात आणि ॲप म्हणजे त्या साठ्यावर बसवलेली खिडकी. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून नियम असा, की या साठ्यात लिहिण्याचा आणि पुसण्याचा हक्क एका वेळी एकाच ॲपला. तेच डिफॉल्ट. त्याआधी दोन एसएमएस ॲपं टाकली की एकाच मेसेजसाठी फोन दोनदा वाजायचा.

बदलायचं कसं: सेटिंग्ज, मग ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स, मग एसएमएस ॲप. यादीतून हवं ते निवडा. पटलं नाही तर त्याच वाटेनं परत फिरा. दोन-तीन ॲपं आठवडाभर वापरून बघायला काहीच हरकत नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. साठा सामाईक असल्यामुळे एका ॲपातून पुसलेला मेसेज सगळीकडून जातो, तेव्हा ‘नवीन ॲपात साफसफाई करून बघू’ असा प्रयोग नको. आणि आरसीएसवरून झालेलं बोलणं (त्याबद्दल पुढे) दुसऱ्या ॲपात दिसेलच असं नाही.

फार खोलात न जाता सांगा, कोणतं घेऊ?

बहुतेकांनी गूगल मेसेजेस ठेवावं. आजच्या बऱ्याच फोनमध्ये ते आधीपासून असतं, अपडेट नियमित येतात, नकोसे मेसेज वेगळे काढण्याची सोय आहे, संगणकावरून वापरता येतं. चोवीस तासांनी ओटीपी आपोआप पुसण्याची सोय गूगलनं २०२१ मध्ये भारतातल्या वापरकर्त्यांसाठी आणली. ज्यांचा इनबॉक्स वर्षानुवर्षं साचलाय, त्यांना तिचा खरा उपयोग. फोनच्या कंपनीचं स्वतःचं ॲप असेल आणि तुम्हाला सवय असेल, तर तेही चालेल. उगाच बदलू नका.

ॲपला इंटरनेटच नको, मेसेज फोनबाहेर जायची वाटच नको, असं वाटणाऱ्यांसाठी फॉसिफाय मेसेजेस. मुक्त स्रोताचं (म्हणजे कोड कोणालाही बघता येतो असं), जाहिरातींशिवाय, साधं. आरसीएस नाही, संगणकावरची सोय नाही, पण ज्याला हे नकोच आहे त्याला ते गुणच वाटतील. याची कुळकथा सांगण्याजोगी आहे. आधी सिंपल मोबाइल टूल्स नावाचा ॲपसंच लोकप्रिय होता. २०२३ च्या अखेरीस तो दुसऱ्या कंपनीला विकला गेला, आणि जुन्या मुक्त कोडवरून फॉसिफाय ही नवी शाखा निघाली. म्हणजे चिन्ह तेच, नाव तेच, पण मालक वेगळा, असं एखाद्या अपडेटनंतर होऊ शकतं. ज्या ॲपला ओटीपी दिसतात त्याच्या बाबतीत अधूनमधून प्ले स्टोअरवर बनवणाऱ्याचं नाव बघत जा.

ट्रूकॉलरबद्दल बरेच जण विचारतात. अनोळखी कॉल ओळखायला ते कामाचं आहे, पण त्यासाठी त्याला डिफॉल्ट एसएमएस ॲप करावं लागत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर ते तशी विचारणा करतं आणि लोक न वाचताच ‘हो’ दाबतात. कॉल ओळखण्याचं काम त्याला द्या, टपाल देऊ नका.

जुन्या सल्ल्यांपासूनही सावध राहा. ‘एसएमएससाठी सिग्नल हे ॲप वापरा’ असं अजून ठिकठिकाणी वाचायला मिळतं. सिग्नलनं ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर करून अँड्रॉइडवरची एसएमएसची सोय काढून टाकली. फेसबुक मेसेंजरनंही सप्टेंबर २०२३ मध्ये काढली.

मराठीत छोटासाच मेसेज पाठवला, तरी दोन एसएमएस कापले गेले. का?

मोबाइल नेटवर्कवर एका एसएमएसला १४० बाइटची जागा असते. इंग्रजी अक्षरं सात बिटांत बसतात (आठ बिटांचा एक बाइट), म्हणून १६० मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यापुढे गेलात की मजकुराचे तुकडे पडतात आणि ते जोडण्याची खूण प्रत्येक तुकड्यात जागा खाते. मग मराठीला तुकड्यामागे ६७ आणि इंग्रजीला १५३ उरतात.

पण खरी गोम ‘चिन्ह’ या शब्दात आहे. आपण अक्षरं मोजतो, फोन मोजतो ती काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा. ‘ज्ञानेश्वर’ आपल्या लेखी चार अक्षरी. फोनच्या लेखी ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, अशी दहा चिन्हं.

सुनेनं सासूबाईंना पाठवलेला हा निरोप बघा:

आई, मी पुण्याहून निघाले. रात्री दहापर्यंत घरी पोचते. जेवायला थांबू नका.

मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून हा ७१ भरतो. म्हणजे दोन एसएमएस. शेवटचा पूर्णविराम काढला की ७०, एकात बसतो. पूर्णविरामाची किंमत एक एसएमएस! ज्यांच्या रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस आहेत त्यांना फरक पडत नाही. पण किमान रकमेचा रिचार्ज करून सुट्या एसएमएसचे पैसे देणाऱ्यांना पडतो.

इंग्रजी मेसेजातही हाच फटका अनपेक्षितपणे बसतो. १५० अक्षरांचा इंग्रजी मजकूर, त्यात एकच ₹ चिन्ह किंवा एक इमोजी आला, की सगळा मेसेज दोन बाइटांच्या हिशेबात जातो आणि एकाचे तीन तुकडे होतात. ₹ ऐवजी इंग्रजीतच आरएस लिहिलं तर एकात बसतो. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरातली वळणदार अवतरणचिन्हंही हेच करतात. गूगल मेसेजेसच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘साधी अक्षरं वापरा’ अशा अर्थाचा पर्याय आहे. तो अशी काही चिन्हं साध्या रूपात बदलतो. देवनागरीला अर्थातच त्याचा उपयोग नाही.

निवडताना बघायचं ते हे, की लिहिताना ॲप उरलेली चिन्हं आणि तुकड्यांची संख्या दाखवतं का. चांगल्या ॲपात मर्यादा जवळ आली की पाठवण्याच्या बटणापाशी आकडा दिसू लागतो. काही ॲपांत तो सेटिंग्जमधून चालू करावा लागतो.

मराठी अक्षरं चौकोनी डब्यांसारखी किंवा तुटक दिसतात. ॲप बदलून सुटेल का?

बहुधा नाही. अक्षरं फोनच्या फॉन्टमधून येतात, ॲपच्या नाही. तुटणारी ठिकाणं ठरलेली आहेत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरयादीत, २००८ साली आलं, त्यामुळे खूप जुन्या फोनवर त्याच्या जागी चौकोन दिसतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा रही बिघडतो. उपाय म्हणजे फोनची प्रणाली अपडेट करणं. थीमच्या दुकानातून सजावटी फॉन्ट लावला असेल, तर आधी मूळ फॉन्टवर या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

यातून एक वेगळीच अडचण निघते, शोधाची. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे अक्षर घेऊन हलन्त लावतात, काही साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. दिसायला दोन्ही सारखे, फोनच्या लेखी वेगळे शब्द. म्हणून मेसेज समोर असूनही शोधात सापडत नाही. असा शब्द शोधताना सुरुवातीचा ‘दुस’ एवढाच टाका.

मराठी टाइप करायला वेगळं एसएमएस ॲप लागतं का?

नाही. टायपिंग कीबोर्डचं काम. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी जोडा. देवनागरी मांडणी, इंग्रजी अक्षरांतून मराठी आणि बोटानं लिहून, असे पर्याय मिळतात. वर्णमालेच्या क्रमानं अक्षरं हवी असतील, तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं स्वरचक्र बघा.

ओटीपी उशिरा येतो किंवा येतच नाही. ॲपचा दोष कसा ओळखायचा?

आधी दुसऱ्या फोनवरून स्वतःला साधा एसएमएस पाठवा. तो लगेच आला आणि फक्त बँकेचाच येत नसेल, तर दोष बहुधा पाठवणाऱ्याकडे, वाटेतल्या गाळणीत किंवा तुमच्या फोनच्या वर्गवारीत. साधाही आला नाही, तर सिम आणि नेटवर्ककडे बघा.

वर्गवारी म्हणजे काय? गूगल मेसेजेसमध्ये ‘स्पॅम आणि ब्लॉक केलेले’ असा वेगळा कप्पा असतो. काही कंपन्यांची ॲपं ‘सूचना’ नावाचा कप्पा करून बँकांचे मेसेज तिकडे टाकतात आणि घंटीही वाजवत नाहीत. ‘मेसेज येत नाही’ म्हणून आलेल्या फोनमध्ये तो कप्प्यात निवांत पडलेला असतो, असं फार वेळा होतं.

शाओमी, रेडमी, पोको फोनांवर एक खास खोडा आहे. बाहेरून टाकलेलं एसएमएस ॲप डिफॉल्ट केलं, सगळ्या परवानग्या दिल्या, मित्रांचे मेसेज येतात, पण बँकेचे येत नाहीत. कारण या फोनांत सूचनावजा एसएमएससाठी निराळी परवानगी असते आणि ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, मॅनेज ॲप्स, ते ॲप, मग ‘अदर परमिशन्स’, तिथे ‘नोटिफिकेशन एसएमएस’ किंवा ‘सर्व्हिस एसएमएस’ चालू करा. बाकी काही करायची गरज पडत नाही.

मेसेज येतो पण घंटी उशिरा वाजते, ही तक्रार बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे. विवो, ओपो, रियलमी, शाओमी हे फोन मागे चालणारी ॲपं झोपवतात. त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा.

नवं सिम घेतलंय? हरवलेलं बदलून घेतलं किंवा जुनं अपग्रेड केलं, तर पहिले २४ तास एसएमएस येणार नाहीत आणि जाणारही नाहीत. दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२२ मध्ये हा नियम केला, तुमच्या नावानं सिम काढून ओटीपी पळवणाऱ्यांना आडकाठी म्हणून. त्या दिवशी सेटिंग्ज उलटीपालटी करत बसू नका. मोठा व्यवहार असेल तर सिम आधी किंवा नंतर बदला.

आणि फोनची साठवण अगदी काठोकाठ भरली असेल तरी मेसेज अडतात. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पुसा.

मेसेज खरंच बँकेचा आहे हे नावावरून कळतं का?

बरंच कळतं. नोंदणी केलेल्या संस्थेचा एसएमएस दहा आकडी नंबरावरून येत नाही, शीर्षकावरून येतो. त्यात आधी दोन इंग्रजी अक्षरं असतात, पहिलं मोबाइल कंपनीचं, दुसरं परिमंडळाचं (मुंबई वेगळं परिमंडळ, बाकी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक). मग आडवी रेघ आणि संस्थेचं छोटं नाव. ट्रायच्या २०२५ च्या बदलानंतर शेवटी आणखी एक अक्षर लागतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. ‘खातं बंद होणार’ अशी धमकी आणि शेवटी पी, किंवा सरळ दहा आकडी नंबर, तर समजून घ्या.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा शीर्षकांवरून जाणाऱ्या मेसेजातली लिंकही आधी नोंदवलेली असावी लागते. दहा आकडी नंबरावरून आलेल्या लिंकला ही चाळणी लागू नाही.

म्हणून ॲप निवडताना पाहा, की ते पूर्ण शीर्षक जसंच्या तसं दाखवतं का. काही ॲपं कौतुकानं त्या जागी बँकेचं बोधचिन्ह आणि गोंडस नाव लावतात. तेवढ्यानं मूळ शीर्षक झाकलं जातं आणि ओळखायची खूण हातची जाते.

नकोशा जाहिराती बंद करायच्या असतील तर १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट’, मोकळी जागा, ‘०’ असा एसएमएस करा. तरीही आली तर तक्रार ७ दिवसांच्या आत, १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवरून.

आरसीएस म्हणजे काय? चालू ठेवू की बंद?

एसएमएसच्याच ॲपात, पण इंटरनेटवरून जाणारे मेसेज. फोटो चांगले जातात, समोरच्यानं वाचल्याची खूण दिसते, ७० चिन्हांची कटकट नाही. दोन्हीकडे गूगल मेसेजेस आणि आरसीएस चालू असेल तर मजकूर कुलूपबंदही असतो, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येत नाही, आणि पाठवण्याच्या बटणावर छोटं कुलूप दिसतं. कुलूप नसेल तर तो साधा एसएमएस समजा, आणि साधा एसएमएस कधीच कुलूपबंद नसतो.

आमचं मत: घरच्यांशी किंवा परदेशातल्या अँड्रॉइडवाल्यांशी बोलत असाल तर चालू ठेवा. ॲपचा उपयोग फक्त ओटीपीपुरता असेल तर बंद करा. आरसीएसवरून कंपन्यांना चित्रं आणि बटणांसह जाहिराती धाडता येतात आणि त्याचा भारतात इतका अतिरेक झाला, की जून २०२२ मध्ये गूगलला इथल्या अशा जाहिराती काही काळ थांबवाव्या लागल्या. आरसीएस बंद केल्यानं ओटीपीवर काहीही परिणाम होत नाही.

बंद करायला गूगल मेसेजेसमध्ये वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर टिचकी, मेसेजेस सेटिंग्ज, आरसीएस चॅट्स. दुसरं ॲप घेण्याआधी किंवा सिम दुसऱ्या फोनात टाकण्याआधी हे करायला विसरू नका. नाहीतर लोकांचे मेसेज जुन्याच पत्त्यावर जात राहतात आणि त्यांना वाटतं तुम्ही उत्तर देत नाही. जुना फोन हाताशी नसेल तर गूगलच्या आरसीएस बंद करण्याच्या वेबपानावर नंबर टाका, सहा आकडी कोड येईल, तो भरा.

कोणत्या ॲपांना एसएमएस वाचायची परवानगी असावी?

डिफॉल्ट ॲपला. बाकी जवळपास कोणालाच नाही. २०१९ पासून प्ले स्टोअरचा नियमच असा आहे, की एसएमएसची परवानगी डिफॉल्ट ॲपांना आणि थोड्या अपवादांना. टॉर्च, कॅलेंडर, गेम यांनी मागितली तर काढून टाका. यूपीआय आणि बँकांची ॲपं नंबर पडताळण्यापुरती मागतात, ती रास्त.

खरा धोका प्ले स्टोअरबाहेर आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. उघडली की ती पत्रिका नसून ॲप असतं, आणि त्याचा पहिला प्रश्न ‘एसएमएस वाचू का?’ किंवा ‘मला डिफॉल्ट करा’. तिथे हो म्हटलं की तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात, कधीकधी तुमच्या फोनवर न दिसताच. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. महाराष्ट्रातलं चलान बघायचं तर महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन असा पत्ता स्वतः टाइप करा.

तपासणी दोन मिनिटांची आहे. सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर, एसएमएस, कोणाकोणाला परवानगी आहे बघा. मग डिफॉल्ट ॲप्समध्ये एसएमएस ॲप कोणतं ते बघा. मग ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ उघडा, कारण एसएमएसची परवानगी नसलेलं ॲपसुद्धा सूचनापट्टीतून ओटीपी वाचू शकतं (अँड्रॉइड १५ मध्ये यावर बराच लगाम आला). ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर आधी इंटरनेट बंद, मग ते ॲप काढा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

लॉक स्क्रीनवर मजकूर दिसणं बंद ठेवा. टेबलावर ठेवलेल्या फोनवरचा ओटीपी वाचायला कुठलंही ॲप लागत नाही.

दोन सिम आहेत. यूपीआयची पडताळणी सारखी फसते.

पडताळणीचा एसएमएस बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच जायला हवा. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर एसएमएससाठी तेच सिम निवडा. त्या सिममध्ये बॅलन्स किंवा एसएमएसचा पॅक आहे ना बघा, हा मेसेज फुकट नसतो. तरीही जात नसेल तर त्याच सिमवरून ओळखीच्या कोणाला साधा एसएमएस करून पाहा. तोही अडकला तर संदेश केंद्राचा (एसएमएस ज्यातून पुढे जातो त्याचा) सिममधला नंबर बिघडलेला असू शकतो. तो इंटरनेटवर शोधून स्वतः भरण्यापेक्षा ग्राहक सेवेकडून करून घ्या.

जुन्या फोनचे मेसेज नव्यात कसे आणायचे?

गूगलचा बॅकअप चालू असेल (सेटिंग्ज, गूगल, बॅकअप) तर नवा फोन पहिल्यांदा सुरू करताना मेसेजही येतात. ती वेळ चुकली तर मात्र पंचाईत, तो बॅकअप नंतर सहजासहजी उतरत नाही. अशा वेळी एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर हे ॲप. जुन्या फोनवर बॅकअप घ्या, एक एक्सएमएल फाइल तयार होते, ती नव्या फोनवर न्या, तिथे तेच ॲप टाकून रिस्टोअर करा. रिस्टोअर करताना ते तात्पुरतं डिफॉल्ट व्हायला मागतं. ते आवश्यक आहे, पण काम झाल्यावर नेहमीचं ॲप पुन्हा डिफॉल्ट करा. हे विसरल्यामुळे ‘नव्या फोनवर मेसेज जातच नाही’ ही तक्रार हमखास येते. आणि ती फाइल पुसा, तीत तुमच्या खात्यांचा सगळा इतिहास उघड्यावर असतो.

सोसायटीतल्या चाळीस जणांना एकदम निरोप द्यायचाय.

गूगल मेसेजेसच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘ग्रुप मेसेजिंग’ उघडा आणि एसएमएसचा पर्याय निवडा. एमएमएस (फोटोसह मेसेज पाठवण्याची जुनी सोय) निवडलेला असेल तर मेसेज भारतात बहुधा अडकतो किंवा जास्त पैसे घेतो. चाळीस जण आणि मराठीत दोन तुकडे, म्हणजे ८० एसएमएस. दिवसाच्या १०० मधले. क्लासची किंवा दुकानाची जाहिरात मात्र अशी पाठवू नका, तक्रार झाली तर नंबर बंद होऊ शकतो.

संगणकावरून एसएमएस वाचता येतात का?

गूगल मेसेजेसमध्ये ‘डिव्हाइस पेअरिंग’ मधून, क्यूआर कोड दाखवून. फोन चालू आणि इंटरनेटवर असायला हवा. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामाईक संगणकावर जोडलं असेल, तर उठण्याआधी फोनमधूनच जोडणी काढा.

आयफोनवर काय पर्याय?

एसएमएससाठी पर्याय नाही. आयओएस १८.२ पासून मेसेजसाठी दुसरं ॲप डिफॉल्ट नेमता येतं, पण एसएमएस ॲपलच्या मेसेजेसमध्येच येतो. आयमेसेज, म्हणजे ॲपलची इंटरनेटवरून मेसेज पाठवण्याची सोय, चालू करताना फोन गुपचूप एक परदेशी एसएमएस पाठवतो आणि त्याचे पैसे कापले जातात, बॅलन्स शून्य असेल तर ‘सक्रिय होत आहे’ वरच अडकतं. आरसीएस आयओएस १८ पासून आहे, मोबाइल कंपनीची साथ असेल तर. आयफोन सोडून अँड्रॉइडवर येताना सिम काढण्याआधी आयमेसेज बंद करा. राहिलं असेल तर ॲपलच्या वेबपानावरून नंबर काढता येतो.

मी परदेशात आहे. भारतातल्या बँकेचा ओटीपी तिकडे कसा मिळवू?

निघण्याआधी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि सिमची वैधता संपू देऊ नका. तिकडे भारतीय सिमचं मोबाइल डेटा बंद ठेवा, इंटरनेटसाठी स्थानिक सिम किंवा वायफाय. येणाऱ्या एसएमएसला रोमिंगमध्ये साधारणपणे पैसे पडत नाहीत, पाठवलेल्याला चांगलेच पडतात. तेव्हा एसएमएससाठीचं डिफॉल्ट सिम स्थानिक ठेवा, नाहीतर सहज दिलेलं ‘ओके’ महागात जातं.

सिम पुण्यात आई-वडिलांच्या फोनात ठेवून मेसेज आपोआप पुढे धाडणारं ॲप टाकण्याची युक्ती बरेच जण वापरतात. ती नको. असं ॲप म्हणजे पत्रिकेच्या एपीकेमध्ये असतं तेच यंत्र, फक्त राजीखुशीनं बसवलेलं. त्यापेक्षा तो फोन गूगल मेसेजेसनं तुमच्या संगणकाला जोडा आणि घरच्यांना एवढंच सांगा, की फोन चार्जिंगला राहू द्या, वायफाय बंद करू नका.